खबर पक्की आहे

गट साधन केंद्रात प्रशिक्षण असले की जेवणाच्या सुट्टीत एक वाक्य आम्हाला हमखास ऐकायला मिळते. डबे उघडले जातात, चटण्यांची देवघेव होते, शेजारचे गुरुजी विचारतात, "सर, शाळा कोणती?" आम्ही "उर्दू हायस्कूल" म्हणतो. ते क्षणभर थांबतात आणि मग मनापासून म्हणतात, "पण तुमचं मराठी किती छान आहे हो!"

त्यांच्या मनात काही वाईट नसते. त्यांनी फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आमचे आजोबा याच तालुक्यात बटाईने शेती करायचे, अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. मराठी आम्हाला बांधावर, किराणा दुकानात आणि एसटी स्टँडच्या बाकड्यावर आपोआप मिळाली. छान असण्यासाठी आम्ही वेगळे कष्ट घेतलेले नाहीत. पण हे सगळे डब्यावर बसून सांगत नाही कुणी. आम्ही "धन्यवाद" म्हणतो आणि लोणचे पुढे करतो.

भाड्याच्या घराची कथा तर विचारूच नका. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते. नाव सांगितल्यावर मालकाचा भाचा पुण्याहून राहायला यायचा असतो. आमच्यापैकी प्रत्येकाच्या गाठोड्यात असे चार-दोन किस्से आहेत. आम्ही ते स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात, प्रवासात पुन्हा पुन्हा सांगतो. ऐकणाराही मान हलवतो आणि आपला एक किस्सा त्यात टाकतो. असे किस्से लिहिले गेले पाहिजेत यात शंका नाही. आज मात्र आम्हाला आमच्याच गाठोड्यातला दुसऱ्या टोकाचा एक किस्सा सांगायचा आहे. तो आम्ही कुठल्याच मांडवात सांगितलेला नाही.

२०१८ चा जून महिना. ईद १६ तारखेला झाली होती आणि शाळा आदल्या दिवशीच उघडली होती. मुले ईदचे नवे कपडे गणवेशाऐवजी घालून येत होती आणि आम्ही रागावल्यासारखे करत होतो. आमच्याकडे पाचवी ब चा वर्ग होता. त्या वर्षी हेडमास्तर साहेबांनी प्रत्येक वर्गशिक्षकाला पालकांचा व्हॉट्सॲप गट काढायला सांगितले होते. पाचवी ब च्या गटात त्रेचाळीस पालक होते. फी, सुट्टी, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि दर शुक्रवारी "जुमा मुबारक", एवढाच त्यावरचा मजकूर.

त्याच आठवड्यात एक संदेश आला. मुले पळवणारी मोठी टोळी आपल्या भागात शिरली आहे, त्यांच्यातले पुरुष बुरखा घालून फिरतात, मुलांना बिस्किटे देतात, किडन्या काढून विकतात, हा संदेश जास्तीत जास्त लोकांना पाठवा. सोबत दोन चित्रफिती होत्या. एकीत मोटरसायकलवरून आलेले दोघे गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांतले एक लहान मूल उचलून पळतात. दुसरीत लहान मुलांचे मृतदेह ओळीने ठेवलेले. ती आम्ही पुरती पाहू शकलो नाही.

आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ती समोर अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती. आम्ही उठलो आणि आधी फाटकाची कडी लावली. हे मुद्दाम सांगतो, कारण अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणून मोकळे होण्याची आता पद्धत पडली आहे. ती भीती खोटी नव्हती. मूल ज्याच्या घरात आहे त्याला ती चित्रफीत पोटात लागते, डोक्यापर्यंत पोचतच नाही.

मग आम्ही तो संदेश पुढे पाठवला. एकूण आठ ठिकाणी. मावसभावांचा गट, बी.एड.च्या जुन्या वर्गमित्रांचा गट, मशिदीच्या तरुणांचा गट, असे करत करत पाचवी ब चा पालक गट. तिथे पाठवताना मनात आले की पालक असल्या संदेशांकडे लक्ष देत नाहीत, नुसतेच पुढे सरकवतात. म्हणून आम्ही खाली आमच्याकडून उर्दूत दोन ओळी जोडल्या. पहिली, बच्चों को स्कूल छोड़ने और लेने खुद आएं. दुसरी, खबर पक्की है.

ही दुसरी ओळ आम्ही का लिहिली असेल, याचा आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. खबर पक्की आहे हे आम्हाला कुणी सांगितले होते? कुणीच नाही. ती पक्की वाटावी अशी आमची इच्छा होती, म्हणजे लोक काळजी घेतील. हेतू चांगला होता, आणि चांगल्या हेतूने लिहिलेल्या वाक्याला पुरावा लागत नाही असे आम्हाला त्या क्षणी वाटले असावे.

सहा दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळेला, फाटकाबाहेर आरडाओरडा ऐकू आला. आम्ही हजेरीपट बंद करून बाहेर आलो. समोर पंक्चरच्या दुकानाशेजारी कडुलिंब आहे. त्याच्याखाली पन्नास-साठ माणसे जमली होती आणि मधे काळा बुरखा दिसत होता. मुलांना घ्यायला आलेल्या बायाच जास्त होत्या, मागून रिक्षावाले आणि पोरे येऊन मिळत होती.

"सर, बच्चे पकड़नेवाली मिली!" आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी धावत आला.

ती बाई अंगाने उंच होती. हा पहिला पुरावा. तिच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. हा दुसरा. ती गेला अर्धा तास एकाच जागी उभी राहून शाळेच्या फाटकाकडे पाहत होती. हा तिसरा. कुणीतरी म्हणाले की आवाज बारीक काढतोय, पुरुषच आहे. एका बाईने तिचा नकाब ओढला होता, तो तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. नकाब सोडत नाही हा चौथा. तिच्या मनगटावर ओरखडे उठले होते. एक चपराक आमच्या डोळ्यांदेखत बसली.

आम्ही गर्दीत शिरलो आणि विचारले, "आप किसके घर आये हैं?"

"इत्तेच आयी थी," ती म्हणाली. "जारी हूं."

"किसके घर?"

तिने सांगितले नाही. दोनदा विचारले, दोनदा गप्प राहिली. आणि आम्हीही, बी.एड. झालेल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने, मनात म्हटले, सापडली.

गर्दीतल्या एका पालकाने, आमच्याच पाचवी ब च्या, मोबाइल वर धरला. "ये देखो, सर ने खुद भेजे. खबर पक्की है बोलके लिखे." आमच्या दोन ओळी आमच्या डोळ्यांसमोर हलत होत्या. त्या मोबाइलकडे पाहून मागचे लोक पुढे रेटा देऊ लागले.

त्या क्षणी आम्ही काही शौर्य गाजवले नाही. आम्ही एवढेच म्हणालो की शाळेसमोर मारहाण नको, पोलीस येईपर्यंत ऑफिसात बसवू. तिला वाचवणे हा उद्देश नव्हता, तिला धरून ठेवणे हा होता. पण लोकांनी "सर बोलरे" म्हणून वाट दिली. ज्या शब्दावर विसंबून ते तिच्या अंगावर आले होते, त्याच शब्दावर विसंबून मागे सरले.

ऑफिसात हेडमास्तर साहेबांनी पोलीस ठाण्याला फोन लावला. आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या एक वयस्क बाई आहेत, मुले त्यांना खाला म्हणतात. त्यांनी आम्हा सगळ्या पुरुषांना बाहेर काढले, दार लोटले आणि त्या बाईला पाणी दिले. दहा मिनिटांनी दार उघडून त्या आम्हाला म्हणाल्या, "रजिस्टर निकालो सर. पाँचवी का."

जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याच्या नावापुढे आईच्या नावाचा रकाना असतो. आम्ही वर्गशिक्षक, तरी तो रकाना त्या दिवसापर्यंत आम्ही फक्त भरण्यासाठी पाहिला होता. त्या बाईने पर्समधून आधार कार्ड काढले. नाव जुळले. ती पाचवी ब मधल्या एका मुलाची आई होती.

तलाक झाल्यावर मुलगा वडिलांच्या घरी राहिला आणि ती चाळीस किलोमीटरवर माहेरी. तिकडची माणसे भेटू देत नाहीत असे ती म्हणत होती. म्हणून दर महिन्या-दीड महिन्याला एसटीने येऊन कडुलिंबाखाली उभी राहायची. मुलगा फाटकातून बाहेर पडून गल्लीच्या वळणापर्यंत दिसतो तेवढे पाहायचे आणि शेवटच्या गाडीने परत जायचे. दोन वर्षे. त्याआधी तिला तिथे कुणीही पाहिले नव्हते, कारण बुरख्यातल्या बाईकडे बघा असे तोवर कुणी सांगितले नव्हते. गर्दीत मुलाचे नाव तिने का घेतले नाही, तर ते सासरी कळले असते आणि मग शाळाच बदलली गेली असती. ज्या गप्प राहण्याला आम्ही गुन्ह्याची खूण समजलो ते हे होते.

तिच्या सासरची बाजू आम्ही ऐकलेली नाही. ती ऐकल्याशिवाय त्या घराबद्दल काही बोलायचा अधिकार आम्हाला नाही, आणि निदान आता तरी आम्ही तो घेणार नाही. पण आमच्या स्टाफरूमने तो अधिकार कधीच घेऊन टाकला होता. "उस की माँ भाग गयी" हे वाक्य त्या मुलाच्या प्रवेशासोबतच शाळेत आले होते. कुणी आणले माहीत नाही. तो मुलगा वर्गात खिडकीकडे बघत बसायचा, गृहपाठ अर्धा ठेवायचा. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात "अभ्यासाकडे लक्ष नाही" असे लिहून मोकळे झालो होतो. बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात पूर्वग्रहावर प्रश्न आला होता, आम्ही पुरवणी लावून उत्तर लिहिले होते.

पोलीस आले, एक महिला शिपाईही होती. चौकशी झाली, कार्ड पाहिले, रजिस्टर पाहिले. बाईने तक्रार द्यायला नकार दिला. महिला शिपायाने तिला मागच्या दाराने रिक्षात बसवून स्टँडवर नेले. जाताना तिने बिस्किटांचा पुडा आमच्या हातात दिला. तो चुरगळून गेला होता. "उसे देव सर. मेरा नाम नको बोलो."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही त्या मुलाला बोलावले. विचारू नये ते विचारले, "कल शाम तू वहीं था?"

"हौ."

"पहचाना?"

तो बराच वेळ आपल्या चपलेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादी बोली है, रस्ते पे कोई औरत से बात नको करना." थोडे थांबून म्हणाला, "आप भी तो मेसेज में वैसाच लिखे थे ना सर."

पुडा घेऊन तो जाग्यावर गेला. दोन बिस्किटे शेजारच्या मुलाला दिली, दोन खाल्ली, बाकीचा पुडा वहीच्या कागदात बांधून दप्तरात ठेवला.

यानंतर चार दिवसांनी, रविवारी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, मंगळवेढा भागाकडची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला असे बातम्यांत आले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेवले होते. जमाव तिथे घुसला. त्याच रात्री मालेगावातही याच संशयावरून एका कुटुंबावर जमाव धावून गेला, सोबत लहान मूल असताना. पोलिसांनी त्यांना वाचवले.

राईनपाड्याची बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली तेव्हा आमची नजर खोलीच्या उल्लेखावर अडकली. त्यांनाही खोलीत नेले होते. आमच्या ऑफिसाचे दार तिथल्या दारापेक्षा मजबूत होते असे नाही. आमच्याकडे मागे रेटा कमी पडला, एवढाच फरक. त्या गावातल्या लोकांबद्दल तेव्हा फार कडक शब्द लिहिले गेले. आमच्या स्टाफरूममध्येही बोलले गेले, "जाहिल लोगां हैं." आम्ही त्या दिवशी चहा न घेताच वर्गावर गेलो.

त्या चित्रफितींचे पुढे वर्तमानपत्रांतून कळले. मोटरसायकलची चित्रफीत मुळात पाकिस्तानातल्या कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काढलेली ती जनजागृतीची फिल्म होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येऊन मूल सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. तेवढा शेवट कापून उरलेला भाग आपल्याकडे गावोगाव फिरला. मृतदेहांची चित्रफीत सीरियातली, २०१३ साली घौटा भागात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातली होती. म्हणजे सीरियातली मेलेली लेकरे आमच्या मोबाइलमध्ये मराठवाड्यातली लेकरे म्हणून आली, आणि आम्ही, ज्यांच्या मशिदीत त्या काळी सीरियासाठी रडून दुआ मागितली जायची, त्या लेकरांना ओळखू शकलो नाही.

मग आम्ही एक उद्योग केला. आमच्यापर्यंत तो संदेश कसा आला, याची साखळी काढायला बसलो. आम्हाला तो आमच्या सहकाऱ्याने पाठवला होता. त्याला परभणीहून मेहुण्याने. मेहुण्याला गॅरेजवाल्यांच्या गटातून मिळाला. त्या गटात तो एका नंबरवरून आला होता. नंबर कुणाचा, हे गॅरेजमध्ये कुणालाच माहीत नव्हते. चौथ्या कडीला साखळी तुटली. पहिल्या तीन कड्यांतली सगळी माणसे चांगली होती, नमाजी होती, त्यातले एक तर हाजी. आम्ही संदेशावर विश्वास ठेवला नव्हता, सहकाऱ्यावर ठेवला होता. त्याने मेहुण्यावर ठेवला होता. संदेश कुणी तपासलाच नव्हता.

आपल्याला हे नवीन नसावे. सनद म्हणजे काय, हे मदरशातला पोरगा सांगतो. कुणी कुणाकडून ऐकले, ती दोघे कधी भेटली तरी होती का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसे, यावर आपल्या जुन्या उलमांनी एक स्वतंत्र शास्त्र उभे केले आणि हजारो माणसांची चरित्रे त्यासाठी लिहून ठेवली. सूरे हुजुरातमध्ये, बातमी आली तर आधी छाननी करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाला इजा कराल आणि मग पस्तावाल, अशा आशयाची आयत आहे. ती आम्ही जुम्म्याच्या बयानात लहानपणापासून ऐकत आलो. ऐकताना दरवेळी आम्हाला आमच्यावर खोटे आळ घेणारे लोकच आठवायचे. आपण बातमी आणणारेही असू शकतो, ही शक्यता कधी मनाला शिवली नाही.

इमाम बुखारींची एक गोष्ट आम्ही वर्गात दरवर्षी सांगायचो. हदीस ऐकायला ते दूरचा प्रवास करून एका माणसाकडे गेले. तो रिकामी झोळी दाखवून जनावराला जवळ बोलावत होता. जो जनावराला फसवतो त्याची हदीस घ्यायची नाही, म्हणून ते तसेच परतले. मुलांना ही गोष्ट फार आवडते. त्या घटनेनंतरच्या वर्षी, जरा जास्तच जोर देऊन, आम्ही ती आठवीत सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, ये कौनसी किताब में है?"

आम्हाला सांगता आले नाही. आम्ही ती आमच्या उस्तादांकडून ऐकली होती, त्यांनी त्यांच्या. घरी येऊन शोधले, दोन मौलवी साहेबांना विचारले. दोघांनाही गोष्ट पाठ होती, किताब कुणालाच आठवेना. छाननीचे महत्त्व सांगणारी गोष्ट आम्ही इतकी वर्षे छाननी न करता सांगत होतो. आता ती सांगताना आम्ही त्या मुलीचा प्रश्नही गोष्टीला जोडून सांगतो. मुलांना तो शेवट मूळच्यापेक्षा जास्त आवडतो.

२०२० साली चाक उलटे फिरले. मार्चअखेर दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि आठवड्याभरात आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याला शेजारच्या कॉलनीत शिरू देईनात. वीस वर्षे तो त्या दारांवर मेथी-पालक विकत होता. नाव विचारून परत पाठवले. थुंकण्याच्या, फळे चाटण्याच्या चित्रफिती आल्या. त्यांतल्या कित्येक जुन्या किंवा भलत्याच ठिकाणच्या निघाल्या. आम्ही संतापून फोनवर फोन करत होतो. पुरावा काय? कुणी पाहिले? चित्रफीत कुठली, कधीची? एका जुन्या मराठी मित्राशी वाद घालताना आमचा आवाज चढला. तो शांतपणे म्हणाला, "अरे, सगळेच म्हणतायत, काहीतरी असेलच ना." त्यावर द्यायचे उत्तर ओठांवर होते, पण डोळ्यांसमोर कडुलिंबाखालचा बुरखा आला. उंच आहे, हातात बिस्किटे आहेत, काहीतरी असेलच ना. आम्ही फोन ठेवला. मित्राला वाटले आम्ही रागावलो.

पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरुद्ध माध्यमांनी चालवलेल्या प्रचारावर ताशेरे ओढले. तो निकाल आमच्या सगळ्या गटांवर फिरला. आम्हीही फिरवला. खरे सांगायचे तर तो आम्ही आधी पाठवला आणि चार दिवसांनी वाचला. तो खरा निघाला हे आमचे नशीब, आमची तहकीक नव्हे.

भाजीवाल्याला बरीच दारे पुन्हा उघडली. दोन दारे नाही उघडली. तो तिथून जाताना हाळी देत नाही.

आणि आपल्या घरातल्या बातम्यांचे काय? १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली तेव्हा आम्ही लहान होतो. डोस पाजणाऱ्या बाई गल्लीत आल्या की आमची मोठी खाला आपली दोन लेकरे घेऊन मागच्या मोरीत जाऊन बसायची. त्या थेंबांनी पुढे मुले होत नाहीत, असे कुणीतरी तिला सांगितले होते. कुणी? "सब बोलते." अम्मीने मात्र आम्हा भावंडांना प्रत्येक वेळी डोस पाजला, कारण अब्बांच्या वर्कशॉपमधल्या एका माणसाचा मुलगा पोलिओने पांगळा झालेला तिने पाहिला होता. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. आम्ही तिघे भाऊ, थेंब घेतलेले. आमची मिळून आठ मुले आहेत. ईदला ती एकत्र जमली की घरात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही एकदा हे खालाला मोजून दाखवले. तिने आठही मुलांकडे पाहिले आणि म्हणाली, "अल्लाह का करम है." तो आहेच. पण करोनाच्या लशीच्या वेळी ती पुन्हा मोरीत जाऊन बसायला तयार होती. तिला बाहेर काढायला आमचे सगळे बी.एड. कमी पडले. शेवटी डोस पाजणाऱ्या जुन्या बाईच, आता निवृत्त झालेल्या, घरी येऊन तिच्याशी चहा पिता पिता बोलल्या. खालाचा त्यांच्यावर पंचवीसेक वर्षांचा राग होता, म्हणजे ओळखही पंचवीसेक वर्षांची होती.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. तो आमच्याच शाळेतून २०२४ मध्ये दहावी झाला, बऱ्या गुणांनी. सातवीत असताना दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून काहीतरी मिटवले म्हणे. हे "म्हणे" आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. आम्ही पाहिले ते एवढेच की दहावीचा दाखला न्यायला तो आला तेव्हा बुरख्यातली एक उंच बाई फाटकाच्या आत, व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. पाणी भरणाऱ्या खालाने तिला पाणी दिले. आमच्याकडे पाहून तिने सलाम केला. आम्ही त्याला उत्तर दिले आणि दाखल्यावर आईचे नाव नीट लिहिले आहे ना, हे पुन्हा एकदा पाहिले.

त्या जुन्या संदेशाचेही सांगतो. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही तो पुसायला गेलो. सगळ्यांच्या फोनमधून पुसण्याची मुदत तेव्हा जेमतेम तासाभराची होती आणि आमच्या संदेशाला सहा दिवस झाले होते. तो आमच्या फोनमधून गेला, त्रेचाळीस पालकांच्या फोनमध्ये राहिला. मग आम्ही पालक गटावर लिहिले की आधीचा संदेश खोटा होता, आम्ही खात्री न करता पाठवला, माफी असावी. एका पालकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने लिहिले, "फिर भी सर, एहतियात अच्छी चीज है." तिसऱ्याने दुसऱ्या एका गावात टोळी पकडल्याचा नवा संदेश टाकला.

पाठवला होता आठ ठिकाणी. दुरुस्ती पाठवली तीन ठिकाणी. उरलेल्या पाच गटांत आमचे वर्गमित्र होते, मावसभाऊ होते, मशिदीतली तरुण पोरे होती. तिथे आम्हाला लाज वाटली. हा मजकूर छापून आला की त्या पानांचे फोटो त्या पाच ठिकाणी पाठवायचे असे ठरवले आहे. त्यातले दोन गट मधल्या काळात बंद पडले आहेत.